काचेतलं वारूळ

गणपतीच्या मखराला लावतात ती प्लास्टिकच्या पानांची माळ डोळ्यांसमोर आणा. विसर्जन झालं की आपल्याकडे ती खोक्यात जाते आणि खोकं माळ्यावर. इंग्लंड-अमेरिकेत साप पाळणाऱ्यांच्या घरी अशीच माळ गरम पाण्यात साबणाने धुतली जाते, कोरडी होते आणि काचेच्या पेटीत टांगली जाते. तिच्याखाली वेटोळं घालून बसलेला असतो बॉल पायथन. चारेक फुटांचा, जाडजूड, काळ्या-तपकिरी ठिपक्यांचा हा छोटा अजगर. घाबरला की डोकं मधे लपवून स्वतःचाच चेंडू करतो, म्हणून हे नाव.

सापाला पानं कशाला हवीत? तो ती खात नाही. शोभेची हौस त्याला नाही. आणि ती प्लास्टिकची आहेत हे त्याला कळतं का?

उत्तर शोधायला त्याच्या गावी जाऊ. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ माळांचा रहिवासी. दिवसभर तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून असतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. वारूळ म्हटलं की मराठी माणसाच्या मनात लगेच नागपंचमी येते. तिकडेही सापाला असाच मान आहे. बेनिन देशातल्या विदा गावात अजगरांचं एक देऊळ आहे. तिथले पवित्र अजगर हेच बॉल पायथन.

असा हा अंधाऱ्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या बिळातला जीव. त्याला आपण चारही बाजूंनी काच असलेल्या, उजेडाने भरलेल्या खोलीत आणून ठेवतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याची एक टोपी असते, तीही कात टाकताना कातीबरोबर निघते. डोळे मिटून जग नाहीसं करण्याची आपली सोय त्याला नाही. त्याच्यासाठी आडोसा हीच पापणी. उघड्या पेटीत ठेवलेला बॉल पायथन कित्येकदा आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने उंदराला तोंड लावत नाही. पेटीत दोन घट्ट बिळं ठेवा, मधल्या मोकळ्या जागेवर पानांचं छत करा, की तोच साप निवांत फिरू लागतो. आडोसा पुरवायला प्लास्टिकचं पान पुरेसं असतं.

पण म्हणून साप फसला असं समजू नका. त्याच्या ओठांच्या कडेने खाचांची एक रांग असते. त्या खाचांनी तो उष्णता ‘पाहतो’. २०१० साली शास्त्रज्ञांनी यामागचा रेणू शोधून काढला. त्याचं नाव ट्रिपए-वन. गंमत अशी, की हाच रेणू आपल्यातही आहे. मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो याच रेणूमुळे. आपल्याकडे जो मोहरीच्या झणक्याचा पहारेकरी, तोच अजगराच्या ओठात अंधारातला डोळा झाला! या डोळ्याला पानं म्हणजे गार पडदा आणि त्यापुढून पळणारा उंदीर म्हणजे पेटती ठिणगी. पडदा प्लास्टिकचा असला तरी ठिणगी तेवढीच उठून दिसते.

मग जिवंत झाडाची गरजच काय? सापाच्या दृष्टीने फारशी नाही. पान खरं की खोटं, हा प्रश्न सापाचा नाहीच. तो पेटीचा आहे.

बंद काचेत जिवंत झाड काय करतं, हे ज्याच्या लक्षात आलं, त्याने साप पाळला नव्हता. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून काचेच्या बरणीत बंद केला. पतंग कधी बाहेर येतो याची वाट पाहत असताना मातीतून नेचे आणि गवताचे कोंब वर आले. याच डॉक्टरांच्या बागेतले नेचे लंडनच्या कोळशाच्या धुराने मरत होते. बरणीत मात्र दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेवर जमत होती आणि थेंब होऊन परत मातीत मुरत होती. मूठभर मातीचं स्वतःचं आभाळ तयार झालं होतं. १८३३ मध्ये अशाच बंद पेट्यांतून झाडं जहाजाने सिडनीला धाडली गेली आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर जिवंत पोचली. पुढे चीनमधली चहाची हजारो रोपं याच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आली. आजची सापाची हिरवी पेटी ही त्या बरणीचीच पणती.

आता त्या पेटीत एक झाड लावू. आपल्या बाल्कनीत, बँकेच्या दारात, दवाखान्याच्या कोपऱ्यात उभं असतं ते स्नेक प्लांट. ताठ, जाड, आडव्या पट्ट्यांची पानं. पट्टे सापासारखे म्हणून हे नाव पडलं. पण नात्याची खरी गाठ पुढेच आहे. हे झाड मूळचं नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या पट्ट्यातलं, आणि नायजेरिया हा बॉल पायथनचाही मुलूख. शिवाय दोघेही निशाचर. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. स्नेक प्लांट पाणी वाचवण्यासाठी ती रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं आणि उजाडल्यावर त्याची साखर करतं. दीड किलोचा अजगर रोज रात्री जिथून सरपटतो, तिथे नाजूक झाडं चार दिवसांत चटणी होतात. हे मात्र वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. झाडाला उजेड लागतो आणि सापाला सावली, हे भांडणही तेच मिटवतं. वरच्या दिव्याचा उजेड पानं पितात, खाली उरते ती सावली.

खरा चमत्कार मात्र मातीत चालतो. सापाची लघवी पातळ नसते. पांढरा, खडूसारखा गोळा पडतो. तो युरिक आम्लाचा. मातीतले जीवाणू त्यातून अमोनिया करतात, अमोनियाचं शेवटी नायट्रेट होतं आणि ते मुळं शोषून घेतात. विष्ठा आणि बुरशी फस्त करायला दोन पथकं असतात. एक स्प्रिंगटेल, अगदी बारीक, पोटाखालच्या चापाने टुणकन उडणारे. दुसरे आयसोपॉड. कुंडी उचलली की खालून सैरावैरा पळतात ते करडे, चौदा पायांचे किडे. पण ते कीटक नव्हेतच; खेकडा आणि कोळंबीचे भाऊबंद आहेत. समुद्र सोडून जमिनीवर आले, पण मादी अजूनही पोटाखालच्या पाणीभरल्या पिशवीत अंडी वाढवते. थेंबभर समुद्र ती बरोबर बाळगते.

अर्थात ही फौज चार फुटी अजगराला पुरी पडत नाही. मोठी घाण हातानेच उचलावी लागते. नर्सरीतून आणलेल्या रोपाची मुळं धुवून, खताची माती काढून, काही आठवडे ते वेगळं ठेवावं लागतं, कारण पानांवरचं कीटकनाशक आयसोपॉडचा फडशा पाडतं. नवा साप घरी आला, की पहिले दोन-तीन महिने उलट हिशेब. तेव्हा माती नको, झाड नको. खाली कागद आणि वर धुता येणारी प्लास्टिकची पानं. अंगावर गोचिडीसारखे बारीक जीव असले तर पांढऱ्या कागदावर लगेच दिसतात. प्लास्टिकच्या माळेतली तार टोचत नाही ना आणि ती दिव्याच्या फार जवळ नाही ना, एवढं पाहायचं.

हे वाचून कोणी आपल्या परसातला साप पेटीत घालायला धावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातले साप घरी पाळता येत नाहीत. त्याच कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथनसारख्या परदेशी अजगराचीही नोंदणी करावी लागते.

पेटी मात्र मनातल्या मनात कोणालाही मांडता येते. रात्री दिवा बंद होतो. स्नेक प्लांटच्या पानांवरची हजारो छिद्रं आवाज न करता उघडतात. काचेवर ओल धरते. पालापाचोळ्याखाली चौदा पायांची रात्रपाळी सुरू होते. मग बिळाच्या तोंडाशी दुभंगलेली जीभ हलते आणि अजगर बाहेर येतो, आधी मखरातल्या माळेखालून, मग आफ्रिकेतल्या शेजाऱ्याला घासून. एका पानाने त्याला लपवलं, दुसऱ्याची मुळं त्याची घाण पचवताहेत. थांबून चौकशी तो दोघांपैकी एकाचीही करत नाही.