प्रतिपिंडांचा साठ वर्षांचा मागोवा

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या देहात बसवले आणि ते चालले, तेव्हा शस्त्रक्रियेचा प्रश्न सुटला खरा. परंतु दोघे भाऊ एकाच बीजाचे असल्यामुळे अव्हेराचा प्रश्न तेथे उद्भवलाच नव्हता, आणि परक्या देहातील अवयव शरीर का नाकारते, याचा तपास पुढील पिढ्यांकडे तसाच राहिला. त्या तपासाची दिशा इंग्लंडच्या पीटर मेडावर यांच्या प्रयोगांनी ठरली होती : त्वचारोपणाचा नाश रक्तातील लसिकापेशी करतात, प्रतिपिंडे नव्हेत, असे मत त्यांच्या थोर अधिकारामुळे जवळजवळ कायम झाले.

याच मेडावर यांच्या लंडनच्या प्रयोगशाळेत काही काळ उमेदवारी केलेले पॉल तेरासाकी मात्र, लॉस एंजेलिसला परतल्यावर, प्रतिपिंडांच्या मागे लागले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या म्हणून ज्या अमेरिकन कुटुंबांना अ‍ॅरिझोनातील छावणीत डांबले गेले, त्यांपैकी एका कुटुंबातला हा मुलगा. बहुमताचा त्याला फारसा धाक वाटू नये, यात नवल नाही. १९६४ साली त्यांनी मिलिलिटरच्या सहस्रांश सीरमवर चालणारी चाचणी सिद्ध केली : दात्याच्या पेशी, रुग्णाचे सीरम आणि पूरक प्रथिने एकत्र करावीत, पेशी मेल्या, तर रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धची प्रतिपिंडे अगोदरच हजर आहेत, असे समजावे. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी जो हिशेब मांडला, तो आजही वाचणाऱ्याला थबकवतो : ही चाचणी, म्हणजे क्रॉसमॅच, प्रतिकूल असूनही केलेल्या ३० रोपणांपैकी २४ तत्काळ निकामी झाली, अनुकूल असलेल्या १९५ पैकी केवळ ८. रक्तवाहिनीवरील चिमटा काढताच गुलाबी झालेले मूत्रपिंड शस्त्रवैद्याच्या डोळ्यांदेखत निळे पडते, त्या भयंकर प्रकाराचे कारण त्यातून उमगले. पूर्वी दुसऱ्याचे रक्त घेतलेले असणे, पूर्वीचे रोपण किंवा गर्भारपण यांमुळे अशी प्रतिपिंडे उत्पन्न होतात. आपल्याकडे मूत्रपिंडे बहुतांशी जिवंत आप्तांकडूनच मिळत असल्याने पतीचे मूत्रपिंड पत्नीला, किंवा अपत्याचे आईला देताना ही गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी लागते.

पुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आले, पेशींचा उपद्रव आटोक्यात आला, आणि प्रतिपिंडांचे प्रकरण दप्तरबंद झाले. वर्षानुवर्षे हळूहळू खचणाऱ्या मूत्रपिंडांस ‘दीर्घकालीन अव्हेर’ असे नाव देऊन, कधी औषधाच्या विषारीपणावर दोष ढकलून वैद्यक स्वस्थ बसले. ते स्वस्थ बसणे मला यशाचा अहंकार वाटतो. नव्वदच्या दशकात म्यूनिकच्या फॉइख्ट यांनी केशवाहिन्यांच्या भिंतींना घट्ट चिकटलेला ‘सी४डी’ हा पूरक प्रथिनाचा अंश दाखवला. प्रतिपिंड निघून गेले तरी त्याची ही निशाणी मागे उरते. कॅनडातील बॅन्फ येथून चालत आलेल्या वर्गीकरणाने २००१ च्या बैठकीनंतर प्रतिपिंडजन्य अव्हेराला स्वतंत्र स्थान दिले, तर २०१३ च्या बैठकीत, सी४डी नसतानाही तो असू शकतो, असेही मान्य झाले.

या काळात रंगीत मणी वापरणाऱ्या ल्युमिनेक्स चाचणीने, कोणत्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंड आहे हे एकेक वेगळे दिसू लागले. २०१२ साली विनिपेगच्या संशोधकांनी ३१५ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला : १५ टक्के रुग्णांत रोपणानंतर नवी प्रतिपिंडे उद्भवली, आणि दहा वर्षांनी त्यांच्या मूत्रपिंडांपैकी ५७ टक्के टिकली, इतरांची मात्र ९६ टक्के. औषधे नियमित न घेणे हे त्या उद्भवाशी ठळकपणे निगडित आढळले.

तथापि प्रतिपिंड सापडणे निराळे आणि त्यास हटवणे निराळे. रक्तद्रव्य बदलणे, इम्युनोग्लोब्युलिन देणे हे उपाय दीर्घकालीन अव्हेरापुढे अपुरे पडतात. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या फेल्झार्टामॅबच्या २२ रुग्णांच्या चाचणीत मात्र बऱ्याच जणांच्या बायॉप्सीतून अव्हेराची चिन्हे ओसरलेली आढळली. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींवर चाल करणारे हे औषध स्वतःही एक प्रतिपिंडच आहे, आणि त्याचा निर्णय मोठ्या चाचण्यांच्या हाती आहे.