बुरूज बांधण्यापूर्वी : डॉक्टरेटचा विचार करणाऱ्यांसाठी

ईश्वरविज्ञानाचे शिक्षण संपवून मंडळीच्या किंवा महाविद्यालयाच्या कामात रुजू झालेले तरुण बंधुभगिनी आम्हांला जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न वारंवार येतो : "आता डॉक्टरेट करावी काय?" बेळगाव असो, इंदूर असो, वडोदरा असो वा हैदराबाद, प्रश्न तोच असतो, मात्र त्यामागचे कारण प्रत्येक वेळी निराळे असते. कोणाला अध्यापनाची जागा हवी असते, कोणाला एखाद्या विषयाने झपाटलेले असते, आणि कोणाला आपल्या नावाआधी 'डॉक्टर' हा शब्द असावा एवढेच वाटत असते. सर्वांना एकच उत्तर देणे शक्य नाही. परंतु उत्तर कसे शोधावे हे सांगणे शक्य आहे, आणि तेच प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. जो आधी बसून खर्चाचा अंदाज घेत नाही, त्याचे काम पायाशीच अडते व पाहणारे त्याची थट्टा करतात. हा दृष्टान्त शिष्यत्वाविषयी आहे, पदव्यांविषयी नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही. तथापि अर्धवट राहिलेला प्रबंध त्या अर्धवट बुरुजासारखाच असतो, आणि त्याचे ओझे बांधणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही वाहावे लागते. म्हणून हिशेब आधी मांडावा.

१. ही पदवी काय सांगते आणि काय सांगत नाही

'डॉक्टर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'शिकविणे' या अर्थाच्या धातूपासून आला. मध्ययुगीन युरोपात ही पदवी म्हणजे मुळात शिकविण्याचा अधिकार होता. मार्टिन लूथर यांना १५१२ साली विटेनबर्ग येथे ईश्वरविज्ञानाची डॉक्टरेट मिळाली, आणि पुढे वाद पेटला तेव्हा पवित्र शास्त्र शिकविण्याच्या आपल्या अधिकारासाठी त्यांनी याच पदवीचा आधार घेतला. आज आपण जिला पीएच.डी. म्हणतो ती संशोधनाची पदवी मात्र त्या मानाने अर्वाचीन आहे. १८१० साली स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने व इतर जर्मन विद्यापीठांनी तिला आजचे रूप दिले. अमेरिकेत येल येथे ती १८६१ साली प्रथम दिली गेली. ऑक्सफर्डने ती १९१७ साली स्वीकारली.

या पदवीचा अर्थ मर्यादित आहे. या व्यक्तीने एक प्रश्न निश्चित केला, त्यावर आजवर काय लिहिले गेले ते पाहिले, पुराव्यानिशी काही नवे मांडले, आणि जाणत्या परीक्षकांनी ते तपासून मान्य केले, एवढेच ती सांगते. ही व्यक्ती उत्तम उपदेशक आहे, आजाऱ्याच्या खाटेजवळ बसू शकते किंवा भांडणाऱ्या पंचांची समेट घडवून आणू शकते, असे ती सांगत नाही. मंडळीला बहुधा या दुसऱ्या गुणांची अधिक गरज असते. ते गुण डॉक्टरेटने येत नाहीत. सुदैवाने तिच्यामुळे जातातच असेही नाही.

२. काळ, पैसा आणि घर

विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला अभ्यासक्रम धरून किमान तीन वर्षे लागतात आणि नोंदणीपासून सहा वर्षांत ती पूर्ण व्हावी लागते. त्यानंतर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्यासाठी मालकसंस्थेचे ना-हरकत पत्र लागते. दूरशिक्षणाने किंवा घरबसल्या संगणकावरून पीएच.डी. देण्यास या नियमांनी बंदी केली आहे. तशी जाहिरात कोणी करीत असेल तर तेथेच थांबावे.

पैशाची बाजू अशी. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. या परीक्षेच्या विषयांत 'धर्मांचा तौलनिक अभ्यास' हाही एक विषय आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते. परंतु शिष्यवृत्ती थोड्यांच्याच वाट्याला येते. इतरांना मंडळीची मदत, संस्थेची रजा, सहचराचा पगार किंवा स्वतःची शिल्लक यांवर निभवावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांला कर्तव्य वाटते. पतीने प्रबंध लिहावा आणि पत्नीने घर, मुले, सासूसासरे व मंडळीतील स्त्रियांची सभा हे सर्व सांभाळावे, हा आपल्याकडील अलिखित नियम झाला आहे. पत्नीने प्रबंध लिहायचे ठरविले म्हणजे मात्र हीच व्यवस्था उलट्या बाजूने फारशी चालत नाही. सहा वर्षांचा निर्णय घरातील एकाने घ्यावा आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा न्याय नव्हे. म्हणून पहिली संमती मार्गदर्शकाची नव्हे, घरची घ्यावी, आणि ती खरोखर विचारून घ्यावी.

३. कोणती पदवी कोठे चालते

पदव्यांचे प्रकार न समजल्यामुळे पुष्कळांची निराशा होते. विश्वविद्यालय अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे कलम २२ सांगते की, केंद्राच्या, प्रांताच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. सेरामपूर महाविद्यालय १८१८ साली स्थापन झाले, त्याला १८२७ साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली, आणि १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने त्यासंबंधी कायदा केला. सेरामपूरच्या सेनेटची डी.टीएच. ही पदवी या परंपरेतील आहे. याउलट, काही महाविद्यालयांच्या पदव्यांना ईश्वरविज्ञानविषयक संघटनांची मान्यता असते. ती मान्यता मंडळ्यांमध्ये व विद्यालयांमध्ये आदराची असते, पण सरकारी अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयात ती नोकरी मिळवून देईल असे समजू नये. आपल्याला जेथे काम करायचे आहे, तेथे कोणती पदवी मानली जाते, हे नाव नोंदविण्यापूर्वी लेखी विचारावे.

नोकरीसाठीच पदवी हवी असणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या जागेला पीएच.डी. सक्तीची करण्याचे एकदा ठरले होते. परंतु आयोगाने २०२३ साली तो नियम बदलून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठेवली व पीएच.डी. ऐच्छिक केली. नियम असे फिरत असतात. म्हणून अर्ज करतेवेळीचा नियम पाहावा.

मानद पदवीचा प्रश्न याहून नाजूक आहे. विल्यम कॅरी हे मूळचे चांभारकाम करणारे. विद्यापीठाचे तोंडही त्यांनी विद्यार्थी म्हणून पाहिले नव्हते. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापले गेले आणि १८०७ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाने त्यांना डी.डी. ही सन्मानाची पदवी दिली. तेथे काम आधी झाले होते व मान मागून आला. आज मात्र काही हजार रुपये भरून एखाद्या हॉटेलच्या सभागृहात झगा व टोपी घालून 'डॉक्टर' होण्याची सोय झाली आहे, आणि आमच्या पाळकवर्गातील काहीजण तिचा लाभ घेतात हे सांगताना आम्हांला खेद होतो. जो व्यासपीठावरून सत्य सांगतो, त्याच्या नावाच्या पहिल्याच शब्दात असत्य असू नये.

४. पदवीवाचूनची विद्वत्ता आणि पदवीने साधलेले कार्य

डॉक्टरेटवाचून विद्वत्ता येत नाही, या समजुतीला आपल्याच भाषेचा इतिहास उत्तर देतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे बी.ए. होते, त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. पंडिता रमाबाईंना 'सरस्वती' ही पदवी १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी दिली, कोणत्या विद्यापीठाच्या प्रबंधाने नव्हे. त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली वडोदऱ्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व एका मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. पुढे हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा हाच अभ्यास त्यांच्या पाठीशी होता. ज्या समाजातील माणसाचे म्हणणे ऐकूनच घेतले जात नसे, त्या समाजासाठी ही पदवी केवळ अलंकार नव्हती. तिने बंद दारे उघडली. आमच्या मंडळ्यांतील बहुसंख्य कुटुंबे ज्या स्तरांतून आली आहेत ते पाहता, पदवीचा मोह वाईट एवढेच म्हणून आम्हांला हा विषय संपविता येत नाही. घराण्यातील पहिल्या शिकलेल्या मुलीला 'डॉक्टर' म्हणवून घेण्यात जो आनंद होतो, तो अहंकार नव्हे.

या दोन्ही बाजूंच्या उदाहरणांत समान काय आहे? प्रत्येकाजवळ पदवीहून मोठे असे एक काम होते. काहींना त्यासाठी पदवीची गरज पडली, काहींना पडली नाही.

५. आमच्या दाराशी पडून असलेले काम

असे काम आजही आहे, आणि ते महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळ्यांच्या अगदी दाराशी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डान्हा यांनी १९०७ साली मंगळूरला त्याची आवृत्ती काढली नसती, तर आपल्यापैकी कितीजणांनी ते वाचले असते? बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. 'यमुनापर्यटन' सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्यांचे इतर लेखन किती जणांनी पाहिले आहे? 'ज्ञानोदय' १८४२ साली अहमदनगरला सुरू झाला. त्याच्या जुन्या अंकांत एका समाजाचे अंतरंग साठविलेले आहे. त्याखेरीज जुन्या मंडळ्यांच्या कपाटांत बाप्तिस्म्याची व लग्नांची दप्तरे आहेत, सभांची इतिवृत्ते आहेत, आणि दर पावसाळ्यात वाळवी त्यांतील काही पाने कायमची नेत आहे.

या कामाला मराठीबरोबर कधी मोडी, कधी कन्नड, कधी पोर्तुगीज लागते. धीर तर नेहमीच लागतो. एका रविवारच्या उत्साहात ते होत नाही. त्यासाठी ग्रंथालयात प्रवेश, जाणता मार्गदर्शक, कठोर परीक्षक आणि कामाला बांधून घेणारी मुदत लागते. या चार गोष्टी एकत्र देणारी व्यवस्था म्हणजे डॉक्टरेट. ज्याला असा प्रश्न सापडला आहे, त्याला आम्ही नि:शंकपणे सांगू की, हे परिश्रम सार्थकी लागतील.

६. निर्णयाची कसोटी

तरीही मन द्विधा असेल तर पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली : आपला प्रश्न एका पानात, आपल्या आईला समजेल अशा मराठीत लिहावा. पान भरले नाही तर प्रश्न अजून सापडलेला नाही.

दुसरी : नाव न नोंदविता सहा महिने त्या विषयाचे वाचन करावे व वीसेक पानांचा एक निबंध लिहावा. सहा महिन्यांत कंटाळा आला, तर सहा वर्षांत काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी : मार्गदर्शकाच्या कीर्तीपेक्षा त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटावे. तो मजकूर वाचून किती दिवसांत परत करतो आणि किती जणांचे काम पूर्ण झाले, हे त्यांनाच ठाऊक असते. त्याच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत हेही विचारावे. तीन वर्षांहून कमी सेवा उरलेल्या प्राध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

चौथी : पदवी मिळाली, पण पगार व जागा होती तीच राहिली, असे समजून चालावे. तरीही ते काम करावेसे वाटते काय? होय असेल तर पुढे जावे.

पाचवी : पदवीवाचून ते काम होण्यासारखे असेल, तर तसेच करावे. चांगले पुस्तक, मंडळीचा प्रामाणिक इतिहास किंवा मुलांसाठी शास्त्राभ्यासाची पाठमाला यांची आपल्या भाषेत आजही उणीव आहे, आणि त्यांना प्रबंधाची परवानगी लागत नाही.

ज्यांनी मध्येच काम सोडले आहे, त्यांनाही एक शब्द. बुरूज अर्धवट राहिला म्हणून त्यासाठी आणलेले दगड वाया जात नाहीत. जमविलेली टिपणे लेखरूपाने प्रसिद्ध करावीत, साधने योग्य ग्रंथालयाला द्यावीत. पुढचा संशोधक तेथून आरंभ करील.

हिशेब करून होकार देणारा आणि हिशेब करूनच नकार देणारा, दोघेही आमच्या दृष्टीने सारखेच शहाणे आहेत. चिंता वाटते ती हिशेब न करता शेजाऱ्याचा बुरूज पाहून पाया खणू लागणाऱ्याची. वर्षे आपल्याला मोजकीच मिळालेली आहेत. त्यांतील सहा कोणाला द्यावयाची, हे नीट बसून ठरवावे.