रास्पबेरीची छाटणी : कोणती काठी कापावी, कोणती राखावी?

महाबळेश्वरच्या सहलीत रास्पबेरी चाखलेले वाचक पुष्कळ असतील. तीच अंगणात वाढविण्याचा योग मला सिमल्यातील नेमणुकीमुळे आला. सुमारे २,२०० मीटर उंचीवरील तेथील थंडी या फळास मानवते. भाड्याच्या घरामागे मी सहा रोपे लावली आणि पहिल्याच हिवाळ्यात, गुलाबाच्या छाटणीच्या सवयीने, साऱ्या काठ्या जमिनीलगत कापल्या. पुढील उन्हाळ्यात हिरवी वाढ भरपूर झाली. फळ मात्र एकही आले नाही.

कारण साधे होते. रास्पबेरीची मुळे अनेक वर्षे जगतात. परंतु काठीचे आयुष्य दोनच वर्षांचे असते. पहिल्या वर्षी ती केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि नंतर वाळते. त्याच काळात मुळांतून नवे फुटवे येत राहतात. मी कापल्या होत्या त्या फळण्याच्या बेतात असलेल्या काठ्या!

लागवड हिवाळ्याच्या अखेरीस, अंकुर फुटण्यापूर्वी करावी. जमीन निचऱ्याची व किंचित आम्लधर्मी असावी. शेणखत मिसळून दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. मुळे फार खोल पुरू नयेत. लावल्यावर काठी २५ ते ३० सेंटिमीटर राखून वरचा भाग कापावा. जेथे नुकतेच बटाटे, टोमॅटो किंवा वांगी घेतली असतील ती जागा टाळावी; या पिकांचा मर रोग रास्पबेरीलाही जडतो. आधारासाठी दोन खांबांमध्ये तारा ओढाव्यात.

उन्हाळी फळ देणाऱ्या जातींची छाटणी तोडणी संपताच करावी. फळून गेलेल्या, तपकिरी सालीच्या काठ्या जमिनीलगत कापाव्यात. हिरव्या, नव्या काठ्यांपैकी सशक्त तेवढ्या सुमारे १० सेंटिमीटर अंतराने राखून तारेला बांधाव्यात; उरलेल्या काढून टाकाव्यात. ओळख पटत नसल्यास फळे लागलेल्या काठीला आधीच लाल दोरा बांधून ठेवावा. काटे असल्याने हातमोजे अवश्य घालावेत.

‘हेरिटेज’सारख्या जातींना मात्र त्याच वर्षीच्या काठीच्या शेंड्यावर शरद ऋतूत फळे येतात. त्या हिवाळ्याच्या अखेरीस सरसकट जमिनीलगत कापल्या तरी चालते. म्हणून रोप घेतानाच जात विचारून घ्यावी.

दुसऱ्या वर्षी मी नव्या काठ्यांना हात लावला नाही. परंतु फळे धरण्यापूर्वीच बदलीचा आदेश आला. घर माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्यांकडे गेले. कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर मी त्यांना या काठ्याही दाखविल्या. जून महिन्यात त्यांचा दूरध्वनी आला, “वाटीभर फळे निघाली!” ती मला चाखता आली नाहीत, तरी आदल्या वर्षी राखलेली काठी फळली, याचे समाधान मोठे होते.