विमान तुमचं, दिवे मात्र दुसऱ्यांसाठी!

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला आठवत असतील. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान बीकेसीमध्ये मांडलं होतं. घरी विमान बनवता येतं, हे आपल्याकडे अनेकांना तेव्हाच कळलं. अमेरिकेत मात्र हा छंद चांगलाच मुरलाय. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये 'एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही हौशी मंडळींची संघटना सुरू केली. दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला तिची जत्रा भरते आणि गॅरेजमध्ये बांधलेली विमानं स्वतः उडवत लोक तिथे येतात.

या छंदात स्वातंत्र्य भरपूर. निम्म्याहून जास्त काम शिकण्यासाठी किंवा हौसेखातर स्वतः केलेलं असेल, तर विमान 'एक्स्परिमेंटल' गटात मोडतं. मग इंजिन कुठलं, कॉकपिटमध्ये स्क्रीन किती, रंग कोणता, सगळी तुमची मर्जी. सुरुवातीचे चाचणीचे तास मात्र दिवसाच उडायचं. त्यानंतर रात्री उडायचं असेल, तर ही मर्जी एका ठिकाणी संपते, ती म्हणजे बाहेरचे दिवे.

डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि मागे पांढरा. ही पद्धत जहाजांकडून आलेली. लाल दिवा नाकासमोरच्या रेषेपासून डावीकडे ११० अंशांपर्यंत दिसायला हवा, हिरवा उजवीकडे तेवढाच. उरलेले १४० अंश मागच्या पांढऱ्याचे. बेरीज करा, बरोब्बर ३६०! म्हणजे तुम्ही कुठूनही बघा, एक तरी दिवा दिसणारच. आणि कुठला दिसतोय, त्यावरून विमान कुठल्या बाजूला चाललंय तेही कळणार. नुसता पांढरा म्हणजे ते लांब जातंय. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर सावध, ते थेट तुमच्याकडे येतंय.

यातली खरी गंमत पुढे आहे. दोन विमानांचे रस्ते एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची, असा नियम आहे. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या विमानाची तुम्हाला डावी बाजू दिसते, म्हणजे लाल दिवा. लाल दिसला, तुम्ही वाट द्या. डावीकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो. तिथे वाट त्याने द्यायची. थोडक्यात, चौकातल्या सिग्नलसारखंच, फक्त चौक हवेत आहे!

याशिवाय लुकलुकणारा दिवा लागतो, लाल किंवा पांढरा. मिनिटाला ४० ते १०० वेळा तो चमकायला हवा. शहराच्या हजारो स्थिर दिव्यांमधून डोळा अशा लुकलुकीलाच पटकन पकडतो. कारण रात्रीच्या आकाशात एक फसवाफसवी असते. काचेतून बघताना जो दिवा सरकतोय, तो बाजूने निघून जाणार असतो. जो जागचा हलत नाही, फक्त मोठा होत जातो, तोच टक्कर द्यायला येत असतो. आणि आपलं लक्ष मात्र हलणाऱ्या गोष्टीकडे आधी जातं. म्हणून टकरीच्या वाटेवरचा तो न हलणारा दिवा निदान लुकलुकता तरी हवा.

हे सगळं बसवायचं कुणी? ज्याने विमान बांधलं त्यानेच. कंपनीच्या विमानात कुणीतरी आधीच सोडवलेले प्रश्न इथे एकेक करून पुढ्यात येतात. फायबरग्लासच्या पंखातून वीज जात नाही, म्हणून दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर ओढावी लागते. स्वस्तातल्या एलईडी सर्किटमुळे रेडिओत खरखर येऊ शकते. दिवे लावले की कंट्रोल टॉवरचा आवाजच नीट ऐकू येत नाही. पांढरा फ्लॅश पंखावरून किंवा प्रोपेलरवरून परावर्तित होऊन पायलटच्याच डोळ्यांवर आला तर आणखी पंचाईत. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो, बिघडायला एक झगमगाट पुरतो. एलईडीने एक गोष्ट मात्र सोपी केली. जुन्या बल्बच्या मानाने ते फारच कमी करंट घेतात, त्यामुळे छोट्या विमानाच्या बॅटरीचा जीव हलका झाला.

आता सांगा, धावपट्टी दाखवणारा लँडिंग लाइट सक्तीचा असेल की नाही? अमेरिकी नियमात तो फक्त भाड्याने चालणाऱ्या विमानाला सक्तीचा आहे. हौशी माणसाने नाही लावला, तरी कायदा काही म्हणत नाही. बहुतेक जण लावतात, तो भाग वेगळा. वैमानिकांचा एक जुना, कडवट विनोद आहे: रात्री इंजिन बंद पडलं तर जमिनीजवळ आल्यावर लँडिंग लाइट लावा, समोरचं दृश्य आवडलं नाही, तर बंद करा!

पण या नियमातली मेख बघा. स्वतःला दिसावं म्हणून लागणारा दिवा तुमच्या इच्छेवर सोडलाय. दुसऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून लागणारे दिवे मात्र रंग आणि अंशांसकट ठरवून दिलेत. स्वतःच्या विमानात स्वतःचा जीव किती धोक्यात घालायचा, हे बऱ्याच अंशी तुम्ही ठरवा. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव ही तुमच्या हौसेची बाब नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण कधी विमान बांधतील. पण रात्री बाइकचा टेललाइट गेलाय आणि 'मला रस्ता दिसतोय ना' म्हणत निघालेला एक तरी मित्र प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतो. त्याला एवढंच सांगा, बाबा रे, मागचा दिवा तुला दिसण्यासाठी नसतोच.