जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी लिनक्स टाकून बघा!

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण मशीन ठणठणीत असेल, तर लिनक्स मिंट वापरा. मोफत आणि मुक्त!

🔹 आधी पेनड्राइव्हवरूनच चालवा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा.
🔹 रोजच्या कामाला फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच.
🔹 गेमिंग: स्टीममधलं प्रोटॉन २०१८ पासून विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतंय. व्हॅलोरंट मात्र अँटी-चीटमुळे चालत नाही. आपला गेम आधी प्रोटॉनडीबीवर शोधा.
🔹 शिकायला पवईच्या आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत, मराठीतूनही आणि फुकट.

इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घ्याच! बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड: कुणी अडलं तर हक्काने सांगा, पेनड्राइव्ह घेऊन येतो.