पहिली जागा घेण्यापूर्वी

सिगाल या गृहस्थपुत्राला भगवान बुद्धांनी संपत्तीचे चार भाग करण्यास सांगितले होते: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. जागेत पैसा गुंतवू पाहणाऱ्या बांधवांनी व भगिनींनी या चौथ्या भागापासून सुरुवात करावी. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय बयाणा देऊ नये, असे आम्हांस वाटते.

आता कर्जाचा हिशेब पाहू. २० लाख रुपये ९ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास दरमहा हप्ता सुमारे १८ हजार येतो आणि एकूण परतफेड ४३ लाखांवर जाते. बँक पूर्ण किंमतही देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जातसुद्धा किमतीचा किमान दहावा हिस्सा पदरचा घालावा लागतो. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी निराळी.

नव्या इमारतीत सदनिका घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक तपासावा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव चटईक्षेत्रावर काढावा, जाहिरातीतील आकड्यावर नव्हे.

जमीन घ्यायची असल्यास सातबारा, फेरफार आणि वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली व जमिनी नवीन शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर त्या ‘भोगवटादार वर्ग २’ दिसतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. म्हणून कोणी गावच्या वडिलोपार्जित जमिनीपोटी रोख देऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागत असेल, तर त्यास ठाम नकार द्यावा. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. असलेली जमीन गेली, तर पुढच्या पिढीचा शेतकरी असल्याचा पुरावाही जाऊ शकतो.

विद्यार्थ्यांनो, या सुटीत गावी जाल तेव्हा तलाठ्याकडून घरचा सातबारा काढा, आजोबांच्या पश्चात वारसनोंद झाली आहे का ते पाहा आणि नसल्यास अर्ज करा. नवी जागा घेण्याइतकेच हाती असलेली राखणे, ही देखील गुंतवणूकच आहे.