ल्युमेन जास्त म्हणजे उजेड लांब? टॉर्च घेण्याआधी कँडेलाही बघा

रात्रीच्या थ्री-फेज विजेवर पिकाला पाणी द्यायला जाणारे शेतकरी असोत की सह्याद्रीतले नाइट ट्रेकर, खिशात मावणारी टॉर्च घेताना बहुतेक जण ल्युमेनच पाहतात. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो किती लांब पोहोचेल, हे कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं.

'एफएल-१' मानकात पल्ला म्हणजे उजेड ०.२५ लक्सवर येतो ते अंतर. हा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका! त्यामुळे '२०० मीटर'वाल्या टॉर्चने तेवढ्या लांबचं स्पष्ट दिसेल, ही आशा सोडा. गणित सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करा. १०,००० कँडेलाला २०० मीटर. ४०० मीटर हवे तर ४०,००० कँडेला लागतात.

बांधावर मात्र पसरट झोतच बरा. अरुंद झोतात पायाजवळचा साप अंधारातच राहतो.

'टर्बो'चा आकडाही काही मिनिटांचाच. छोटी टॉर्च तापली की उजेड आपोआप उतरतो. आणि १८६५० सेलवर ९,९०० एमएएच छापलं असेल तर तो घेऊच नका. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५००च्या आसपास असते.